'गंभीर कारण': कॅथलिक संसारातल्या नैसर्गिक नियोजनाची पार्श्वभूमी

29 ऑक्टोबर 1951 रोजी रोममध्ये इटलीतल्या सुइणींपुढे बोलताना तेव्हाच्या पोप महोदयांनी एक गोष्ट पहिल्यांदाच इतकी उघडपणे सांगितली. नवरा-बायकोपाशी गंभीर कारण असेल तर गर्भ न राहण्याचे दिवस बघून एकत्र येणं हे पाप नाही. कारणं कुठल्या प्रकारची तेही सांगितलं: वैद्यकीय, आनुवंशिक, आर्थिक, सामाजिक. ती टिकून राहिली तर ही मुभा दीर्घकाळ, अगदी लग्नाच्या सबंध आयुष्यभरही राहू शकते, असंही म्हटलं. महिन्याभरातच दुसऱ्या एका भाषणात त्यांनी पुस्ती जोडली की या मुभेच्या मर्यादा खरोखर खूप रुंद आहेत. ती पुस्ती फारशी कुणाच्या लक्षात राहिली नाही. लक्षात राहिला तो 'गंभीर' हा शब्द, आणि सत्तर वर्षं उलटली तरी कॅथलिक घरांमध्ये लोक त्याच शब्दाशी अडतात.

त्याआधीचा काळ थोडक्यात सांगता येतो. चौथ्या शतकाच्या अखेरीस एका थोर आचार्यांनी एका पाखंडी पंथावर टीका करताना, दिवस बघून मूल टाळण्याचा त्या पंथाचा सल्लाच दोषी ठरवला होता. पुढे दीड हजार वर्षं हा प्रश्न जवळपास निजूनच होता. 1853 मध्ये फ्रान्समधल्या एका बिशपांनी रोमला, म्हणजे चर्चच्या मुख्य पीठाला, विचारलं, काही जोडपी डॉक्टरांचं ऐकून ठरावीक दिवसच एकत्र येतात, त्यांचं काय करायचं? उत्तर आलं, त्यांना त्रास देऊ नका. 1880 मध्ये आणखी एक पाऊल पुढे पडलं. जी जोडपी दुसऱ्या मार्गांनी गर्भ टाळतात आणि ऐकतच नाहीत, त्यांना पापनिवेदनाच्या, म्हणजे फादरपुढे पाप कबूल करण्याच्या वेळी हा मार्ग जपून सुचवायला हरकत नाही, असं ठरलं.

यात एक मोठी दुःखाची गोष्ट दडली आहे. त्या काळच्या डॉक्टरांची समजूत होती की गर्भ पाळीच्या आसपास राहतो आणि मधले दिवस निर्धास्त असतात. खरं नेमकं उलटं आहे. म्हणजे रोमचा शब्द मानून ज्यांनी मन मारून संयम पाळला, त्यांनी तो नको त्या दिवसांत पाळला. त्या घरांतल्या बायकांना लागोपाठ दिवस गेले असतील तेव्हा त्यांना कुणी काय समजावलं असेल, हा विचार मनातून जात नाही.

1920 च्या दशकात जपानमधल्या एका आणि ऑस्ट्रियातल्या एका डॉक्टरांनी स्वतंत्रपणे शोधून काढलं, की बीज पुढच्या पाळीच्या सुमारे दोन आठवडे आधी बाहेर पडतं. त्यावरून त्या दोघांच्या नावानं ओगिनो-क्नाउस पद्धत आली. ऑगस्ट 1930 मध्ये अँग्लिकन, म्हणजे इंग्लंडच्या चर्च परंपरेतल्या, बिशपांच्या परिषदेनं कृत्रिम साधनांना मर्यादित मुभा दिली आणि त्याच वर्षाच्या 31 डिसेंबरला रोमनं ती साधनं ठामपणे नाकारणारं परिपत्रक काढलं. त्यातच, निसर्गतः गर्भ न राहणाऱ्या काळात पती-पत्नींनी एकत्र येण्यात गैर नाही, अशी एक ओळ होती. नवं विज्ञान आणि ती एक ओळ यांची गाठ पडली, आणि कॅलेंडर बिछान्याशी आलं.

ते गणित असं होतं. वर्षभराच्या पाळ्यांची नोंद करायची. सगळ्यांत लहान चक्रातून 18 वजा करायचे, सगळ्यांत मोठ्यातून 11. चक्रं 26 ते 32 दिवसांची असतील तर आठव्या दिवसापासून एकविसाव्यापर्यंत लांब राहायचं, म्हणजे चौदा दिवस. पाळी जरा अनियमित, 24 ते 35 दिवसांची असेल, तर सहाव्यापासून चोविसाव्यापर्यंत, म्हणजे एकोणीस दिवस. पाळीचेच चार-पाच दिवस धरले तर उरतं काय? माझ्या आईच्या कॅलेंडरवर पेन्सिलीनं काढलेले बारीक गोल असायचे. दुधाचा हिशोब असेल असं आम्हा भावंडांना वाटायचं. आम्ही पाच जण. ते गोल कसले होते हे तिनं मला माझ्या लग्नाच्या आदल्या आठवड्यात सांगितलं, स्वयंपाकघरात, माझ्याकडे पाठ करून, भांडी घासता घासता.

आपल्याकडे ही पद्धत चर्चच्या आधी, वेगळ्याच दारानं चर्चेत आली. डिसेंबर 1935 मध्ये संततिनियमनाच्या एक अमेरिकन पुरस्कर्त्या वर्ध्याला गांधीजींना भेटल्या. गांधीजींनी साधनं नाकारली, पण सुरक्षित काळाची कल्पना त्यांना तितकी खटकली नाही, कारण उरलेल्या दिवसांत तरी त्यात संयम होता. स्वातंत्र्यानंतर आरोग्य खातं आलं ते जन्मानं ख्रिस्ती आणि विचारानं गांधीवादी अशा मंत्र्यांकडे. त्यांच्या काळात दिल्लीच्या एका वसाहतीत आणि म्हैसूर राज्यातल्या रामनगरमला याच पद्धतीचा प्रयोग झाला. बायकांना रंगीत मण्यांच्या माळा दिल्या. रोज एक मणी सरकवायचा, हिरवा असेल तर भीती नाही. रात्रीच्या अंधारात रंग दिसेनात, म्हणून मण्यांचे आकार वेगळे करावे लागले. काही जणींना वाटलं, माळ जवळ असली की झालं, ताईतासारखी. हे मणी कॅथलिक नव्हते, पण अडचण तीच होती. कागदावर सोपं वाटणारं गणित दोन माणसांच्या घरात शिरलं की वेगळं होतं.

आता 1963 ते 1968 या पाच वर्षांकडे येऊ. तोवर संततिनियमनाची गोळी बाजारात आली होती आणि तिच्या कर्त्यांपैकी एक डॉक्टर स्वतः कॅथलिक होते. गोळी शरीराच्या नैसर्गिक चक्राचंच अनुकरण करते, मग ती पाप कशी, असा त्यांचा सवाल होता. 1963 मध्ये रोमनं संततिनियमनाच्या प्रश्नावर सहा जणांचा एक आयोग नेमला. पुढच्या पोपनी तो सत्तरच्या आसपास सदस्यांपर्यंत वाढवला. धर्मशास्त्री, डॉक्टर, लोकसंख्येचे अभ्यासक, कार्डिनल आणि बिशप, मुंबईचे कार्डिनलही. याच पोपना आपण डिसेंबर 1964 मध्ये मुंबईत ओव्हल मैदानावर पाहिलं होतं. वसई-उत्तनहून गाड्या भरभरून माणसं गेली होती, हे अजून घराघरांत सांगितलं जातं.

या आयोगात विवाहित जोडपीही होती, आणि माझ्या मते या साऱ्या इतिहासातली सर्वांत महत्त्वाची गोष्ट तीच आहे. शिकागोच्या एका जोडप्यानं कॅथलिक कुटुंब चळवळीतल्या अनेक देशांतल्या जोडप्यांना पत्रं पाठवली आणि उत्तरं रोमला नेली. उत्तरं देणारे चर्चवर रुसलेले लोक नव्हते, दर रविवारी मिस्साला जाणारे, मुलाबाळांत रमलेले होते. त्यांनी लिहिलं, आम्ही तापमान घेतो, दिवस मोजतो, आणि महिन्यातले अर्धे दिवस एकमेकांना चुकवत राहतो. प्रेमानं जवळ यायलाही भीती वाटते. पाळी दोन दिवस लांबली की घरात कुणी बोलत नाही. काहींनी हेही लिहिलं, की या पद्धतीनं आम्हाला एकमेकांचा आदर करायला शिकवलं. दोन्ही खरं होतं. ज्यांनी आयुष्यभर ब्रह्मचर्य पाळलं अशा धर्मगुरूंपुढे ही पत्रं वाचली गेली, तेव्हा त्यांतल्या काहींची मतं बदलली.

1966 मध्ये आयोगाच्या बहुमतानं बदलाच्या बाजूनं कौल दिला. एप्रिल 1967 मध्ये तो अहवाल वर्तमानपत्रांत फुटला. बदल येणार असं जगभरच्या जोडप्यांनी गृहीत धरलं, अनेक ठिकाणी फादरही तसंच सांगू लागले. 25 जुलै 1968 रोजी परिपत्रकावर सही झाली आणि चार दिवसांनी ते जाहीर झालं. कृत्रिम साधनांवरची बंदी कायम होती. आपल्या देशात त्याच वर्षी सरकारनं निरोध आणला, 15 पैशांना तीन.

या निर्णयाच्या बाजूनं सांगण्यासारखं पुष्कळ आहे आणि ते मी मानते. शरीर दुरुस्त करायचं यंत्र नाही, आणि मूल टाळण्याचा भार एकट्या बाईनं गोळी गिळून वाहायचा नाही, हे म्हणणारं तेव्हा दुसरं कोण होतं? पण पत्रं मागवली, वाचली, आणि पत्रं लिहिणाऱ्यांना त्यांच्या दुखण्याचं उत्तर मिळालं नाही. परिपत्रकानं वैज्ञानिकांना आवाहन केलं की पाळीच्या निरीक्षणावरची पद्धत अधिक भरवशाची करा. तोवर काय करायचं ते जोडप्यांवर सोडलं.

शब्दाचा गुंता इथेच वाढला. परिपत्रकाच्या लॅटिन पाठात दहाव्या परिच्छेदात 'गंभीर' कारणं म्हटलं आहे, तर सोळाव्यात 'न्याय्य' कारणं. सोळाव्यात ती सांगितलीही आहेत: पती-पत्नीची शारीरिक किंवा मानसिक स्थिती, किंवा बाहेरची परिस्थिती. निरनिराळ्या भाषांत उतरताना कुठे 'गंभीर' ठेवलं गेलं, कुठे त्याहून जड शब्द आला. 1992 च्या धर्मशिक्षणग्रंथात 'न्याय्य' हाच शब्द आहे, आणि कारण स्वार्थाचं नाही ना एवढं जोडप्यानं स्वतः तपासावं असं म्हटलं आहे. म्हणजे निवाडा जोडप्याच्या सदसद्विवेकाकडे दिला आहे.

मराठीत मात्र 'गंभीर' म्हटलं की अतिदक्षता विभाग आठवतो. 'पेशंट गंभीर आहे' हेच आपण रोज ऐकतो. त्यामुळे दोन-तीन पिढ्यांनी असं धरून चाललं, की आईच्या जिवावर बेतल्याशिवाय दिवस मोजायलाही परवानगी नाही. नवऱ्याची नोकरी गेली, एका खोलीत सात माणसं राहतात, पहिलं बाळंतपण जड गेलं, मन उभारी धरत नाही, ही कारणं बायकांना पुरेशी वाटली नाहीत आणि त्या पापनिवेदनात रडल्या. 'न्याय्य' म्हटलं तर कोर्ट आठवतं. मी स्वतः लग्नपूर्व शिबिरात शिकवताना 'रास्त कारण' म्हणते. रास्त भावाचं दुकान सगळ्यांना ठाऊक आहे, आणि आपल्या घराला काय परवडतं हे त्या शब्दात आपोआप येतं.

पद्धती पुढे सुधारल्या. पहाटे अंथरुणातून उठण्याआधी तापमान घ्यायचं, बीज सुटल्यावर ते थोडं चढतं, पाव ते अर्धा अंश. मेलबर्नच्या डॉक्टर बिलिंग्ज यांनी 1953 पासून, आणि पुढे त्यांच्या डॉक्टर पत्नींनीही, योनीतल्या स्रावाच्या निरीक्षणावर काम केलं, ती बिलिंग्ज पद्धत. दोन्हींची जोड देणारी पद्धत ऑस्ट्रियातून आली. 1970 च्या दशकाच्या उत्तरार्धात पाच देशांत बिलिंग्ज पद्धतीची चाचणी झाली, त्यात बेंगळुरू होतं. शिकवल्यावर पहिल्याच चक्रात नव्वद टक्क्यांहून अधिक बायकांना नोंद जमली. नियम काटेकोर पाळले तर वर्षात शंभरात तिघींच्या आसपास दिवस गेले, पण प्रत्यक्षात, म्हणजे नियम मोडलेले दिवस धरून, वीसहून अधिक जणींना. दोन आकड्यांमधल्या अंतरात रोजचा संसार आहे: ताप, रात्रपाळी, पाहुणे, भांडण, आणि जहाजावरून महिनाभरासाठी घरी आलेला नवरा.

बिलिंग्ज पद्धतीला आमच्याकडे आणखी एक अडथळा आला, तोही शब्दाचाच. फलनाच्या दिवसांत स्राव कच्च्या अंड्याच्या पांढऱ्या बलकासारखा होतो, नितळ, ताणला तर तार धरणारा. ते शरीर ठीक चालल्याचं लक्षण आहे. पण आपल्याकडे 'अंगावरून पांढरं जाणं' हा आजार मानला जातो. आयांनी मुलींना त्यावर काढे दिले आहेत. एका वर्गात मी चित्र काढून समजावलं आणि मागच्या बाकावरच्या नवरीनं दबक्या आवाजात विचारलं, "ताई, मग मी त्यावर गोळ्या घेतेय त्या बंद करू?" तिच्या शेजारी बसलेल्या होणाऱ्या नवऱ्याला ही गोष्ट तेव्हाच पहिल्यांदा कळत होती.

मधल्या काळात आणीबाणी आली. 1976 मध्ये महाराष्ट्राच्या विधिमंडळानं सक्तीच्या नसबंदीचं विधेयक मंजूर केलं, त्याला राष्ट्रपतींची संमती मिळाली नाही. त्या काळात 'नैसर्गिक' या शब्दाला वेगळाच अर्थ आला. ज्यात कुणी सरकारी माणूस हात घालू शकत नाही असं काहीतरी. त्यानंतर देशभरात नियोजन म्हणजे बाईची शस्त्रक्रिया हेच समीकरण झालं. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत 37.9 टक्के विवाहित स्त्रियांनी तोच मार्ग घेतलेला दिसतो. आमच्या धर्मग्रामातही, म्हणजे आमच्या चर्चच्या हद्दीतही, दोन मुलांनंतर हेच होतं, फक्त बोललं जात नाही.

सर्वांत अवघड काळ बाळंतपणानंतरचा, आणि नेमकं त्याबद्दल सर्वांत कमी शिकवलं जातं. फक्त अंगावरचं दूध, पाळी परतलेली नाही आणि बाळ सहा महिन्यांच्या आतलं, या तिन्ही अटी असतील तर 98 टक्के संरक्षण मिळतं, असं 1988 मध्ये तज्ज्ञांनी मान्य केलं. पण तिन्हींपैकी एकही सुटली की रोजच्या नोंदींचा तक्ता वाचता येत नाही. रात्री चारदा उठणाऱ्या आईनं पहाटेचं तापमान कुठलं घ्यायचं? प्रसूतीची रजा संपते आणि बाटली सुरू होते. स्राव आठवडेच्या आठवडे संदिग्ध राहतो. याच काळात नियम म्हणतो, शंका असेल तर थांबा, आणि थांबणं दोन-तीन महिने लांबतं. दुसरं मूल अनपेक्षितपणे येतं ते बहुधा इथेच. मग 'तुमचीच पद्धत चुकली' हे वाक्य बाईला ऐकावं लागतं.

आज लघवीतली संप्रेरकं तपासणारी छोटी यंत्रं आहेत, मोबाईलमध्ये ॲप आहेत. यंत्राच्या पट्ट्या दर महिन्याला विकत घ्याव्या लागतात, आणि ॲप बहुतेक वेळा जुन्या कॅलेंडरचंच गणित नव्या रंगात मांडतं. लग्नपूर्व शिबिरात या विषयाला आम्हाला एक तास मिळतो, रविवारी दुपारी, जेवणानंतर. तक्ता नीट वाचायला शिकायचं तर किमान तीन चक्रं लागतात. जोडपी येतात तेव्हा हॉल ठरलेला असतो, पत्रिका छापायला गेलेल्या असतात, आणि पुढच्या तीन रविवारी चर्चमध्ये त्यांची नावं पुकारली जायची असतात. मी त्यांना माझा नंबर देते आणि सांगते, पहिलं बाळंतपण झालं की फोन करा. काही जणी करतात. परवा एकीनं मध्यरात्री केला. बाळ पाच महिन्यांचं होतं आणि नवरा शेजारी बसून वही धरून होता.