लाख किलोमीटर झाले, पण वर्षं किती झाली?

गाडीने लाख किलोमीटर गाठले की गॅरेजवाला कामांची लांबलचक यादी काढतो. ओडोमीटर फक्त चाकांचे फेरे मोजतो. दोन वर्षांत लाख किलोमीटर पळालेल्या टॅक्सीत धातूची झीज आधी बघावी लागते. तेवढंच अंतर कापायला दहा वर्षं घेणाऱ्या घरच्या गाडीत मात्र रबर आणि द्रव संशयित ठरतात, कारण ते पार्किंगमध्येही खराब होत राहतात.

सगळ्यात दुर्लक्षित राहतं ते ब्रेक ऑइल. बहुतेक गाड्यांत ते ग्लायकॉल ईथर वर्गातलं असतं आणि हवेतलं बाष्प हळूहळू शोषून घेतं. ‘डॉट ४’ दर्जाच्या नव्या ऑइलचा उत्कलनबिंदू किमान २३० अंश सेल्सिअस असावा लागतो. त्यात ३.७ टक्के पाणी मुरल्यावर मानकाची अपेक्षाच किमान १५५ अंशांवर येते. आता आंबोली घाट उतरताना पाय सतत ब्रेकवर आहे असं समजा. डिस्क तापते, ती उष्णता कॅलिपरमधल्या (डिस्कवर ब्रेक पॅड दाबणाऱ्या भागातल्या) ऑइलपर्यंत जाते आणि ऑइल उकळलं तर त्यात वाफेचे बुडबुडे होतात. द्रव जवळपास दाबला जात नाही, म्हणून तर पायाचा जोर चाकापर्यंत पोचतो. वाफ मात्र सहज दाबली जाते. पेडल मऊ पडून तळाला टेकतं आणि गाडी थांबत नाही. गंमत (?) अशी, की ऑइल थंड झालं की वाफ विरते, पेडल पुन्हा कडक होतं आणि मेकॅनिकला काहीच दोष सापडत नाही. साधारण दोन वर्षांनी हे ऑइल बदलावं, किलोमीटर कितीही असोत. आणि घाट खालच्या गिअरमध्येच उतरावा.

टायमिंग बेल्ट म्हणजे इंजिनातल्या पिस्टन आणि व्हॉल्व्ह (झडपा) यांची हालचाल जुळवून ठेवणारा पट्टा. तो बदलण्याचं काम खर्चिक, पण टाळू नये. इंजिन मिनिटाला ३,००० फेरे घेत असताना प्रत्येक व्हॉल्व्ह सेकंदाला २५ वेळा उघडतो, आणि तो पिस्टनच्या वाटेत येऊ नये हे बेल्टच सांभाळतो. अनेक इंजिनांत बेल्ट तुटला की पिस्टन आदळून व्हॉल्व्ह वाकतात. बेल्ट बदलताना तो ताणून धरणारा टेन्शनरही बदलून घ्या. तुमच्या इंजिनात बेल्टऐवजी चेन असेल, तर वेळेवर इंजिन ऑइल बदलणं हीच तिची देखभाल.

इंजिन थंड ठेवणाऱ्या कूलंटच्या टाकीत बोअरचं पाणी ओतणाऱ्यांपुढे मात्र मी हात टेकले आहेत. त्यातल्या क्षारांचा थर आत बसतो आणि गंज रोखणारी रसायनं पातळ होतात.

इंजिन फ्लश (आतून धुणं), डिकार्बनची (काजळी काढण्याची) पॅकेजं यादीच्या तळाशी ढकला. त्या पैशांतून आधी टायर तपासा. कडेवर ‘डॉट’ (DOT) या अक्षरांनंतरचे शेवटचे चार आकडे ३२१८ असतील, तर तो २०१८च्या ३२व्या आठवड्यात बनला. नक्षी शाबूत दिसली तरी ऊन आणि ओझोनमुळे रबर कडक होऊन बारीक भेगा पडतात. स्टेपनीचाही आकडा पाहा. ती बहुधा गाडीइतकीच जुनी निघेल.