विमानातला कॉम्प्युटर हँग झाला तर?

‘हल्लीची विमानं कॉम्प्युटरच उडवतो, तो हँग झाला की विमान दगडासारखं खाली येतं’ असा मेसेज वर्षानुवर्षं फिरतो आहे. भीती स्वाभाविक आहे, कारण आपला फोन रोज अडकतो. पण विमानात एकाच कॉम्प्युटरवर भिस्त नसते. उड्डाण-नियंत्रणासाठी अनेक कॉम्प्युटर असतात, ते एकमेकांवर नजर ठेवतात आणि एक गप्प झाला तर दुसरा काम हाती घेतो. काही विमानांत तर त्यांचे प्रोसेसर वेगळे आणि प्रोग्रॅम लिहिणारे गटही वेगळे, म्हणजे एकाची चूक दुसऱ्यात उतरू नये. सगळी वीज गेली, तरी अनेक विमानांच्या पोटातून छोटा पंखा बाहेर येतो आणि वाऱ्यावर फिरून गरजेपुरती ऊर्जा देतो. दोन्ही इंजिनं बंद पडली तरी दहा किलोमीटर उंचीवरचं जेट सुमारे दीडशे किलोमीटर तरंगत जाऊ शकतं.

मग सॉफ्टवेअरमुळे माणसं दगावलीच नाहीत का? दगावली आहेत, आणि ते लपवू नये. पण बोइंग ७३७ मॅक्स विमानांच्या दोन अपघातांत कॉम्प्युटर बंद पडला नव्हता. एका बिघडलेल्या सेन्सरवर विसंबून तो नेमून दिलेलं कामच करत राहिला. माझ्या मते खरा धोका हा आहे. म्हणूनच महत्त्वाची मापं सहसा तीन ठिकाणांहून घेऊन ताडून पाहतात.

पुढच्या वेळी विमानाचं नाक जवळून पाहा. वेग मोजणाऱ्या बारीक नळ्या दिसतील. मोजा, एकच नसते.