पट्टीने लेझर मोजायचा प्रयोग आला कुठून

सांगली-मिरजेच्या विज्ञान प्रदर्शनांत लेझरची तरंगलांबी काढायचा प्रयोग कुणीतरी मांडतंच, हल्ली बहुतेक वेळा सीडी घेऊन. पण मुळात हे काम तारेचं आणि केसाचं. १७८५ च्या सुमारास अमेरिकेत एकाने दोन बारीक स्क्रूंच्या आट्यांमधे केस ताणून ग्रेटिंग (समान अंतरावरच्या बारीक रेघांची जाळी, प्रकाश ठराविक कोनांत वळवणारी) बनवलं, १८२१ मधे जर्मनीत तारांच्या ग्रेटिंगवर सोडियमच्या पिवळ्या प्रकाशाची तरंगलांबी निघाली. आपल्याकडे मिरजेत सतारीची तार मिळते, ०.३ मिमीची तार लाल बीममधे धरा, पाच मीटरवरच्या भिंतीवर काळ्या पट्ट्या साधारण ११ मिमी अंतराने पडतात. फक्त तारेची जाडी स्क्रूगेजवर ०.०१ मिमीपर्यंतच वाचता येते, म्हणजे तीन टक्के चूक तिथंच.

लेझर आला १९६० ला. १९६५ मधे एका अमेरिकन शास्त्रज्ञाने (पुढे १९८१ चं नोबेल त्याला मिळालं) साध्या स्टीलच्या पट्टीवरून तरंगलांबी काढून दाखवली आणि माझ्या मते यापेक्षा सुंदर घरगुती प्रयोग नाही. बीम पट्टीला जवळजवळ घासून सोडायचा, अर्ध्या मिमीच्या खुणा ग्रेटिंगचं काम करतात. पट्टीच्या पातळीपासून परावर्तित ठिपका १७.५ सेमीवर आणि त्याच्या वरचा ३०.९ वर आला, भिंत पाच मीटरवर, की उत्तर ६५० नॅनोमीटरच्या आसपास. ही पातळी म्हणजे पट्टी काढल्यावर सरळ जाणारा ठिपका आणि परावर्तित ठिपका यांचा बरोब्बर मध्य, तो आधी खडूने मार्क करून ठेवायचा.

१९८२ नंतर सीडी आली आणि वाद सुरू झाला, तिच्यावरून तरंगलांबी खरंच "मोजली" म्हणायची का. सीडीच्या ट्रॅकमधलं (तिच्यावरच्या बारीक गोल रेघांमधलं) अंतर १.६ मायक्रोमीटर धरायचं, एक मीटरवर ठिपका ४४.५ सेमी बाजूला, मग बरीच मुलं १.६ ला थेट ०.४४५ ने गुणतात आणि ७१२ नॅनोमीटर काढतात, कारण कोन २४ अंशाचा असताना साइनऐवजी टॅन वापरलेला असतो. ही चूक सुधारता येते. खरी अडचण "मोजली" या शब्दात आहे. १.६ हा आकडा आपण तपासलेलाच नाही, तो छापील आहे, आणि त्याच लेझरने ट्रॅक मोजून परत त्याच ट्रॅकने लेझर मोजणारेही बघितलेत, म्हणजे गोल गोल फिरणंच झालं ते. सीडीवाले म्हणतात मिलिमीटर तरी कुठं तुमचा, तोही प्रकाशावरूनच ठरलेला, १९६० ला मीटर क्रिप्टॉनच्या प्रकाशाच्या १६,५०,७६३.७३ तरंगलांब्यांवर ठरला, १९८३ पासून प्रकाश सेकंदाच्या २९,९७,९२,४५८ व्या भागात जातो तेवढा. मुद्दा बरोबर आहे, तरी पट्टीच्या खुणा व्हर्नियरने माझ्या हाताने तपासता येतात, सीडीच्या नाही. आणि लेझर पॉइंटरच्या स्टिकरवर बहुतेकदा ६३० ते ६८० नॅनोमीटर अशी रेंजच असते, आपल्या हातातल्या पॉइंटरचा नेमका आकडा तिथं मिळतच नाही, तो पट्टीवरूनच काढायचा.