जहाजावर ‘सुपरकार्गो’ व्हायचे आहे? अर्ज नेमका कशासाठी करायचा आणि तो कुठे अडतो

नागपूर व आसपासच्या जिल्ह्यांतून सुपरकार्गो पदाचा अर्ज विचारत येणाऱ्या मुलांना पहिले उत्तर निराशेचेच द्यावे लागते, कारण बारावीनंतर थेट भरता येईल असा त्या पदाचा अर्जच अस्तित्वात नाही. सुपरकार्गो हा जहाजाच्या कर्मचाऱ्यांपैकी नसतो. मालाचा मालक किंवा जहाज भाड्याने घेणारी कंपनी यांचा तो प्रतिनिधी असतो. माल कोणत्या कप्प्यात किती चढला, कसा बांधला, कोणत्या स्थितीत उतरला, हे तो पाहतो. न्यूयॉर्क प्रोड्यूस एक्स्चेंजच्या १९४६ च्या करारनमुन्यात तर या माणसाला राहण्याची जागा मोफत, जेवण कॅप्टनच्या पंगतीचे आणि त्यापोटी कंपनीने दिवसाला एक डॉलर द्यावा, असे कलमच आहे.

जहाजाच्या बाजूने मालाची जबाबदारी चीफ ऑफिसरची, म्हणजे कॅप्टनच्या खालोखालच्या अधिकाऱ्याची असते, आणि सुपरकार्गो म्हणून बहुधा याच कामात मुरलेल्या माणसाला घेतले जाते. २००९ साली पारादीपजवळ ‘ब्लॅक रोझ’ आणि मंगळूरजवळ ‘एशियन फॉरेस्ट’ ही लोहखनिज भरलेली जहाजे बुडाली. बारीक ओले खनिज हेलकाव्यांनी चिखलासारखे वाहू लागते आणि जहाज कलंडते, हा धोका ओळखणारी नजर तीन महिन्यांच्या प्रमाणपत्राने येत नाही. म्हणून खरा अर्ज डेक कॅडेटचा, म्हणजे जहाज चालवणाऱ्या विभागातील शिकाऊ अधिकाऱ्याचा. आयएमयू-सीईटी (भारतीय सागरी विद्यापीठाची प्रवेश परीक्षा), एक वर्षाचा डीएनएस (नौकानयनशास्त्राची पदविका) अभ्यासक्रम, दीड वर्षाची समुद्रसेवा, सेकंड मेट या अधिकारीपदाची परीक्षा आणि पुढे चीफ मेट, म्हणजेच चीफ ऑफिसर, असा हा रस्ता आहे.

सर्वाधिक अर्ज गुणांवर बाद होतात. गुणपत्रिकेवरील एकूण टक्केवारी येथे कामाची नाही. भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र व गणित या तीन विषयांची मिळून सरासरी किमान ६० टक्के हवी आणि दहावी किंवा बारावीला इंग्रजीत किमान ५० टक्के हवेत. माहिती तंत्रज्ञान विषयाने एकूण टक्केवारी सत्तरीपार गेलेली, पण या तीन विषयांत छप्पनवर थांबलेली मुले दरवर्षी शुल्क भरून बसतात. जीवशास्त्रासाठी गणित सोडलेल्यांना तर ही वाटच बंद आहे, आणि हे त्यांना अकरावीच्या प्रवेशावेळी कोणी सांगत नाही.

दुसरा अडसर म्हणजे बहुतेकांकडे नसलेला कागद, अर्थात प्रायोजकत्वाचे पत्र. डीएनएससाठी सीईटी उत्तीर्ण होणे पुरेसे नाही; जहाज कंपनीने तुम्हाला कॅडेट म्हणून निवडल्याचे पत्र लागते. अनेक कंपन्यांची लेखी परीक्षा व मुलाखत सीईटीच्या निकालाआधीच सुरू होते. निकाल लागू द्या, मग कंपनी पाहू, असे म्हणणारा विद्यार्थी तेथेच मागे पडतो. परिपत्रकात हे सगळे लिहिलेले असते, परंतु ते अशा भाषेत की वकिलानेही दोनदा वाचावे.

नावाचा घोळ हा खास आपल्याकडचा. मंडळाच्या गुणपत्रिकेवर आधी आडनाव, मग स्वतःचे नाव, मग वडिलांचे नाव असते. पासपोर्टच्या अर्जात मात्र आडनावाचा रकाना वेगळा असतो. सायबर कॅफेत घाईने भरताना संपूर्ण नाव एकाच रकान्यात जाते किंवा वडिलांचे नाव गळते. इंडॉस क्रमांक (खलाशांच्या राष्ट्रीय नोंदणीचा क्रमांक) आणि सीडीसी (खलाशी पुस्तिका) यांवर पुढे तेच चुकलेले नाव उतरते. दहावीचे प्रमाणपत्र प्रमाण धरून आधी आधार दुरुस्त करावे, मगच पासपोर्टला हात लावावा. आधार गोंदियाचे आणि खोली नागपूरच्या नंदनवनात, अशी स्थिती असेल तर पोलीस पडताळणी कोणत्या पत्त्यावर होणार हेही अर्जाआधी ठरवावे.

डोळ्यांची तपासणी शेवटी ठेवू नये. रंगांधळेपणा असल्यास डेकवर घेतच नाहीत, आणि अनेकांना तो आहे हे त्या दिवसापर्यंत ठाऊकही नसते. नौवहन महानिदेशालयाची मान्यता असलेल्या डॉक्टरांकडे शुल्क भरण्यापूर्वीच जाऊन यावे. पिवळ्या तापाची लस प्रवासाच्या किमान दहा दिवस आधी घ्यावी लागते. ती आजन्म ग्राह्य असते. फोटो, सही, जातीचा दाखला वगैरे नेहमीप्रमाणे.

आता ‘थेट सुपरकार्गो भरती, दोन लाख भरा’ या जाहिरातींविषयी. नोकरी लावून देण्यासाठी खलाशाकडून पैसे घेण्यास परवानाधारक संस्थेलाही मनाई आहे; २००६ च्या सागरी कामगार करारानुसार खलाशाने स्वतः करावयाचा खर्च वैद्यकीय प्रमाणपत्र, खलाशी पुस्तिका आणि पासपोर्टसारखी प्रवासाची कागदपत्रे एवढाच. समोरच्याकडे आरपीएसएल (खलाशी भरतीच्या) परवान्याचा क्रमांक मागावा, महानिदेशालयाच्या संकेतस्थळावरील यादीत संस्थेचे नाव व परवान्याची मुदत स्वतः पाहावी आणि तोवर मूळ पासपोर्ट कोणाच्याही हाती देऊ नये.