उद्योग उबवणी केंद्र (गोवा)

नव्या उद्योजकाला सुरुवातीची साधारण दोन-तीन वर्षे जागा, सल्ला, यंत्रे, कागदपत्रांत मदत आणि क्वचित थोडे भांडवल पुरवणारी व त्याचा जम बसला की त्याला निरोप देणारी संस्था. प्रस्तुत नोंद ना-नफा तत्त्वावर, म्हणजे न्यास, नोंदणीकृत सोसायटी किंवा कंपनी कायद्याच्या कलम ८ खालील कंपनी या रूपांत चालणाऱ्या केंद्रांपुरती आणि मुख्यतः गोव्यापुरती आहे.

बोलताना सगळे ‘इन्क्युबेटर’च म्हणतात. शासकीय कागदांत ‘उष्मायन केंद्र’ दिसते, ते हिंदीतून आलेले. रोगजंतूंच्या संदर्भात मराठीने ‘अधिशयन’ हा शब्द घेतला, पण तो धंद्याला लावला तर दुकान आजारी पडल्यासारखे वाटते. ‘उबवणी’ हा शब्द कोंबडीच्या खुराड्यातला असला तरी मूळ कल्पनेला तोच सर्वांत जवळचा असल्याने येथे तो स्वीकारला आहे. मराठी माणसाच्या डोळ्यांसमोर मात्र अंड्यांपेक्षा आधी इस्पितळ येते. अपुऱ्या दिवसांच्या बाळाला ‘पेटीत ठेवतात’, ती पेटी म्हणजेही इन्क्युबेटरच.

पहिले केंद्र कोणते याविषयी एकमत नाही. बहुतेक संदर्भग्रंथ न्यूयॉर्क राज्यातील बटाव्हिया येथील ‘बटाव्हिया इंडस्ट्रियल सेंटर’ला (१९५९) हा मान देतात. शेती अवजारे बनवणारी मॅसी-हॅरिस कंपनी गाव सोडून गेल्यावर रिकामी पडलेली, सुमारे साडेआठ लाख चौरस फुटांची इमारत मँकुसो कुटुंबाने विकत घेतली. एवढी मोठी जागा घेणारा एकच भाडेकरू मिळेना, म्हणून जोसेफ मँकुसो यांनी ती तुकड्यांनी लहान धंद्यांना दिली. भाडेकरूंत एक कोंबड्यांची पिल्ले उबवणारा होता, त्यावरून गमतीने ‘इन्क्युबेटर’ हे नाव पडले, असे सांगतात. दुसऱ्या मतानुसार हे मूळ आणखी मागे, मँचेस्टरजवळच्या ट्रॅफर्ड पार्क (१८९६) यांसारख्या औद्योगिक वसाहतींत शोधावे. परंतु तेथे जागा भाड्याने मिळे, नवख्याला हाताशी धरून शिकवणे हा त्यांचा हेतू नव्हता. त्यामुळे हे मत फारसे टिकत नाही. बटाव्हियाचा दावाही ना-नफा केंद्रांच्या बाबतीत तपासूनच घ्यावा लागतो. मँकुसो कुटुंबाचा तो सरळ खासगी, भाड्यावर चालणारा व्यवहार होता. ना-नफा रूप फिलाडेल्फियात विद्यापीठे व महाविद्यालयांनी १९६३ मध्ये स्थापन केलेल्या ‘युनिव्हर्सिटी सिटी सायन्स सेंटर’पासून स्पष्ट दिसते. भारतातील केंद्रांची वंशावळ याच ना-नफा शाखेची.

भारतात केंद्र सरकारच्या विज्ञान व तंत्रज्ञान विभागाने १९८२ मध्ये राष्ट्रीय विज्ञान व तंत्रज्ञान उद्योजकता विकास मंडळ नेमले. पुढे उद्योजक उद्याने, २००० नंतर तंत्रज्ञान उद्योग केंद्रे आणि २०१६ मध्ये नवउद्योगांना साहाय्य देणारी ‘निधी’ योजना व अटल इनोव्हेशन मिशन असा क्रम लागतो. अनुदान घेणारी संस्था बहुधा महाविद्यालयाच्या आवारात असते; पैशांचा हिशेब वेगळा राहावा म्हणून तिची स्वतंत्र सोसायटी किंवा कंपनी काढतात. कंपनी कायदा, २०१३ चे कलम ८ (१९५६ च्या कायद्यातील कलम २५ चे वारस) सभासदांना लाभांश वाटू देत नाही. नवउद्योगात भागभांडवल घेण्याला मात्र त्याची आडकाठी नाही. त्यातून आलेला नफा पुन्हा केंद्राच्या कामात घालावा लागतो, एवढेच. ‘ना-नफा’ म्हणजे फुकट, ही समजूत त्यामुळे चुकीची ठरते.

गोव्यात वेर्णे येथील आग्नेल संकुलातील ‘सिबा’, फातोर्ड्याच्या डॉन बॉस्को अभियांत्रिकी महाविद्यालयातील ‘फायर’, सत्तरीत पर्ये येथे गोवा व्यवस्थापन संस्थेचे अटल केंद्र आणि झुआरीनगरच्या बिट्स पिलानी संकुलातील केंद्र ही ठळक नावे. जुने गोवे येथील कृषी संशोधन संस्थेतही शेतमाल प्रक्रियेसाठी असा विभाग आहे. राज्याचे पहिले स्टार्टअप धोरण २०१७ चे.

प्रत्यक्ष काम कसे चालते, हे रातांब्याच्या (कोकमाच्या) खारवलेल्या रसावरून, म्हणजे आगळावरून पाहता येईल. घरी सालींना मीठ लावून काढलेले आगळ शेजारीपाजारी सहज खपते. दुकानात ठेवायचे म्हटले की प्रश्न सुरू होतात: मिठाचे प्रमाण दर खेपेस सारखे कसे ठेवायचे, आम्लता कशी मोजायची, उजेडाने व उष्णतेने लाल रंग उतरतो तर बाटली कोणती घ्यायची, लेबलवर निव्वळ परिमाण, तारीख आणि हिरवी खूण कुठे छापायची, अन्नसुरक्षेची नोंदणी पुरते की परवाना लागतो. यंत्रापेक्षा या यादीतच केंद्राचा खरा उपयोग होतो. उद्यम नोंदणी, म्हणजे सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योगांची सरकारी नोंदणी, करून देणे हेही त्याचेच काम. १ एप्रिल २०२५ पासून अडीच कोटींपर्यंत गुंतवणूक व दहा कोटींपर्यंत उलाढाल असलेला उद्योग ‘सूक्ष्म’ गणला जातो.

भांडवलाची गोष्ट वेगळी. केंद्र सरकारची स्टार्टअप इंडिया बीजनिधी योजना (२०२१ मध्ये चार वर्षांसाठी मंजूर, एकूण ९४५ कोटी रुपये) उद्योजकाला थेट पैसे न देता उबवणी केंद्रामार्फत देण्यासाठी आखली गेली. नमुना तयार करण्यासाठी २० लाखांपर्यंत अनुदान, बाजारात उतरण्यासाठी ५० लाखांपर्यंत कर्ज किंवा परिवर्तनीय (पुढे भागांत बदलता येणारे) रोखे. पण अर्जदार खासगी मर्यादित कंपनी, मर्यादित दायित्व भागीदारी किंवा नोंदणीकृत भागीदारीच हवी. एकल मालकीचा धंदा त्यात बसत नाही, आणि घरगुती धंदा सहसा तसाच सुरू होतो.

गोव्याची आणखी एक गुंतागुंत देशभरच्या मार्गदर्शिकांत सापडत नाही. पोर्तुगीज नागरी संहितेमुळे, लग्नाआधी वेगळा करार केलेला नसेल तर, पती-पत्नीची मालमत्ता सामाईक राहते. एकल मालकीच्या धंद्याचे उत्पन्न दोघांच्या नावे अर्धे-अर्धे विभागले जाते. आयकर कायदा, १९६१ मध्ये कलम ५अ त्यासाठीच घातले गेले. घर तारण ठेवायचे तर दोघांच्या सह्या. बाहेरून आलेल्या सल्लागाराला हे समजावण्यात पहिली बैठक संपते.

गावकरी (कोमुनिदाद) या गोव्यातील जुन्या ग्रामसंस्थेच्या सामाईक व्यवस्थेशी या केंद्रांचे नाते जोडण्याचा मोह होतो. तो आवरावा. गावकरी गावाची जमीन सांभाळून उत्पन्नाचा वाटा गावकारांना (गावच्या मूळ कुळांतील सभासदांना) देत असे. परक्याला धंद्यात उभे करणे हे तिचे काम नव्हते.

केंद्रे बहुधा प्रवेश ठरावीक तुकड्यांनी देतात. तुकडी जुलैत सुरू झाली, तर रातांब्यांचा हंगाम पावसाने संपवलेला असतो आणि आगळाचा पहिला प्रयोग थेट पुढच्या एप्रिलात करावा लागतो. सहा महिन्यांची तुकडी असेल, तर तोवर तिचा समारोपही होऊन गेलेला असतो.