स्पोर्ट्स कारच्या इलेक्ट्रॉनिक सस्पेन्शनमधील सुधारणा

वळणावर, जोरात ब्रेक लावताना आणि वेगात लेन बदलताना स्पोर्ट्स कार अधिक ताब्यात राहावी म्हणून तिचे विद्युत-नियंत्रित शॉकॲब्सॉर्बर, सेन्सर, नियंत्रक आणि त्यांच्याशी जोडलेल्या स्प्रिंग, अँटिरोल बार (वळणात झुकणे आवरणारा आडवा दांडा), बुश (सांध्यांतील रबरी अस्तर) यांत केलेले बदल. हे काम सुटे भाग बदलण्यापुरते नसते. कारखान्याने स्प्रिंग, शॉकॲब्सॉर्बर आणि सॉफ्टवेअर यांचा मेळ एकदाच बसवून दिलेला असतो. त्यातला एक भाग हलवला की उरलेले दोन पुन्हा जुळवावे लागतात. शहराबाहेर सरळ वेगवान महामार्ग आणि शहरात पावलोपावली गतिरोधक, अशा नागपुरात गाडी किती खाली करायची हा निर्णय बाकी सगळ्या निर्णयांपेक्षा महत्त्वाचा ठरतो.

कार्यतत्त्व : स्प्रिंग गाडीचे वजन पेलते, शॉकॲब्सॉर्बर हालचाल आवरतो. इलेक्ट्रॉनिक शॉकॲब्सॉर्बर आपला विरोध क्षणोक्षणी कमी-जास्त करतो, पण स्प्रिंगचा कडकपणा त्याला बदलता येत नाही. म्हणून त्याचा परिणाम गाडी हलत असते तेवढ्याच काळात दिसतो : वळणात शिरताना, वळणातून बाहेर पडताना, उंचवट्यावर. लांब वळणात गाडी एका बाजूला झुकून स्थिरावली की पुढचे टायर आधी घसरतील की मागचे, हे स्प्रिंग, अँटिरोल बार आणि टायर ठरवतात. ‘स्पोर्ट’चे बटण दाबूनही लांब वळणात गाडीचे नाक बाहेर जात असेल, तर दोष सॉफ्टवेअरमध्ये शोधण्यात वेळ घालवू नये.

प्रकार : सध्या दोन पद्धती मुख्य आहेत. पहिलीत शॉकॲब्सॉर्बरमधील तेलाची वाट सोलेनॉइड व्हॉल्व्ह लहान-मोठी करतो. पोर्शेची पीएएसएम आणि बीएमडब्ल्यूच्या एम गाड्यांतील ईडीसी या याच जातीच्या. दुसरीत सिंथेटिक तेलात काही मायक्रॉन आकाराचे लोहकण मिसळलेले असतात. पिस्टनमधील कॉइलमध्ये प्रवाह सोडला की चुंबकीय क्षेत्रामुळे हे कण साखळीत उभे राहतात आणि तेल काही मिलिसेकंदांत घट्ट होते. हे तंत्र २००२ मध्ये कॅडिलॅक सेव्हिल एसटीएसमध्ये प्रथम आले, पुढे कॉर्व्हेट, ऑडी टीटी, आर८ आणि फेरारी ५९९ मध्ये वापरले गेले.

वीज तुटल्यावर दोन्ही पद्धती वेगवेगळ्या वागतात. सोलेनॉइडचे शॉकॲब्सॉर्बर निर्मात्याने ठरवलेल्या एका सुरक्षित, बहुधा मध्यम किंवा कडक स्थितीत थांबतात. चुंबकीय प्रकार मात्र प्रवाहाविना सर्वांत मऊ होतो. एका चाकाची तार तुटली म्हणून नियंत्रकाने चारही चाकांचा प्रवाह बंद केला, तर १०० किमी. वेगाला गाडी डुलू लागते. अशा गाडीवर इशारा-दिवा पेटलेला असताना समृद्धी महामार्गावर जाऊ नये.

स्प्रिंग बदलली की काय होते : समजा, एका चाकावर ३५० किग्रॅ. वजन आहे आणि चाकापाशी मोजलेला स्प्रिंगचा कडकपणा मिमी.ला ३० न्यूटन आहे. गाडीची स्वाभाविक कंप्रता (सेकंदाला किती झोके) सुमारे १.४७ हर्ट्‌झ येते. स्प्रिंग ३० टक्के कडक केली (३९ न्यूटन), तर ती १.६८ हर्ट्‌झ होते. शॉकॲब्सॉर्बर तोच राहिला, तर आधी ०.४० असलेले अवमंदन गुणोत्तर (झोके किती लवकर आवरले जातात याचे माप) ०.३५ वर उतरते, म्हणजे कडक स्प्रिंग आधीपेक्षा कमी आवरली जाते. गाडी ‘टणक’ तर वाटते, पण उंचवट्यानंतर एक झोका जास्त खाते. लोअरिंग स्प्रिंग बसवलेल्या गाडीबद्दलची सर्वाधिक ऐकू येणारी तक्रार हीच. नियंत्रकाचा नकाशा (केव्हा किती प्रवाह द्यायचा याचा तक्ता) मूळ स्प्रिंगसाठी लिहिलेला असल्यामुळे तो ही तूट आपोआप भरून काढत नाही. १० ते १५ टक्क्यांपर्यंतची वाढ सहसा निभते, त्यापुढे सॉफ्टवेअरला हात लावावाच लागतो.

स्प्रिंगवर छापलेला आकडा आणि चाकापाशी मिळणारा कडकपणा एक नसतात. स्प्रिंग आर्मवर आतल्या बाजूला बसलेली असेल आणि चाक १० मिमी. हलल्यावर ती ७ मिमी. दबत असेल, तर गुणोत्तर ०.७ आणि चाकापाशी उरणारा कडकपणा ०.४९ पट. दोन गाड्यांच्या स्प्रिंगांची तुलना या गुणाकाराशिवाय करणे निरर्थक आहे.

नागपूरच्या रस्त्यांवरील अटी : शहराचा व आसपासचा मोठा भाग काळ्या मातीवर आहे. ही माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आकसते आणि वरचा डांबरी रस्ता लांब लाटांनी उठतो. अशा लाटेवर वेगात गेल्यास सस्पेन्शन आधी पूर्ण उघडते आणि मग खोल दबते. गाडी ३० मिमी. खाली केली असेल, तर दबण्याची उरलेली जागा संपून ती बंप स्टॉपवर (सस्पेन्शनची चाल अडवणाऱ्या रबरी ठोकळ्यावर) आपटते. त्या क्षणी चाकावरचा भार एकदम चढतो, टायरची पकड सुटते आणि इलेक्ट्रॉनिक्सच्या हाती काही उरत नाही.

इंडियन रोड्स काँग्रेसच्या आयआरसी:९९ या मार्गदर्शिकेप्रमाणे २५ किमी. वेगासाठीचा गतिरोधक १० सेंमी. उंच आणि ३.७ मी. रुंद, १७ मी. त्रिज्येचा असायला हवा. वस्त्यांमधील पुष्कळ गतिरोधक याहून आखूड आणि उभे आहेत. सबब, रोजच्या वापराच्या गाडीला नागपुरात १५ ते २० मिमी.पेक्षा जास्त खाली करू नये. दिसण्यासाठी आणखी खाली केलेली गाडी वळणावरही हळू होते, कारण मॅकफर्सन स्ट्रट (स्प्रिंग व शॉकॲब्सॉर्बर एकाच उभ्या खांबात) असलेल्या गाडीत लोअर आर्मचे (चाकाला जोडणाऱ्या खालच्या दांड्याचे) आतले टोक बाहेरच्या टोकाच्या खाली गेले की रोल सेंटर (गाडी ज्या बिंदूभोवती झुकते तो) झपाट्याने घसरते आणि गाडी उलट जास्त झुकते.

सिमेंट रस्त्यांचा प्रश्न निराळा. त्यांतील आडवे सांधे साधारण ४.५ मी. अंतराने कापलेले असतात. ताशी ८० किमी. वेगाला चाकांना सेकंदाला सुमारे ५ ठोके बसतात, १२० ला ७ हून थोडे अधिक. या पट्ट्यात शॉकॲब्सॉर्बर जितका कडक, तितका ठोका सरळ बॉडीत येतो. नागपूर–मुंबई समृद्धी महामार्गावर (७०१ किमी.; नागपूर–शिर्डी हा ५२० किमी.चा टप्पा ११ डिसेंबर २०२२ रोजी खुला झाला) शिवमडक्यापासून सबंध वेळ ‘स्पोर्ट प्लस’ ठेवून जाण्यात काहीच हशील नाही. नकाशा नव्याने लिहिताना या रस्त्यासाठी कमी-आडवा-जोर, जास्त-वेग या कप्प्यात शॉकॲब्सॉर्बर मऊ ठेवावेत आणि स्टिअरिंग फिरताच ते कडक होऊ द्यावेत. चांगल्या नियंत्रकाची खरी किंमत इथे वसूल होते.

उष्णता : मे महिन्यात हवाच कधीकधी ४५° से.पुढे जाते आणि डांबरालगत त्याहून जास्त तापते. मोनोट्यूब (एकाच नळीच्या, दाबाखाली वायू भरलेल्या) शॉकॲब्सॉर्बरमध्ये २०° ला २५ बार असलेला वायूचा दाब ८०° ला सुमारे ३० बार होतो. दांडा १४ मिमी. जाडीचा असेल तर तो बाहेर ढकलणारा जोर ३८५ वरून ४६० न्यूटनच्या वर जातो आणि वरील उदाहरणातील गाडी त्या कोपऱ्यात दोन-अडीच मिमी. वर उठते. म्हणून उंची आणि अलाइनमेंट सकाळच्या गार गाडीवर मोजून दुपारच्या तापलेल्या गाडीशी ताडू नये. तेल पातळ झाल्याने अवमंदनही उतरते. नकाशा जानेवारीत जुळवला असेल तर मे महिन्यात तो पुन्हा तपासावा.

सुधारणेचा क्रम : सर्वांत आधी टायर, त्यांचा दाब आणि झिजलेले बुश. पाच-सहा वर्षे झालेल्या गाडीत लोअर आर्मचे मागचे बुश फाटलेले असले, तर कोणताही नियंत्रक तिला सरळ ब्रेक लावायला शिकवू शकत नाही. त्यानंतर अँटिरोल बार. भरीव बारचा कडकपणा व्यासाच्या चौथ्या घातात वाढतो, म्हणजे २४ ऐवजी २६ मिमी.चा बार सुमारे ३८ टक्के कडक. गाडी खाली न करता झुकणे कमी करण्याचा हा सर्वांत स्वस्त मार्ग असून नागपूरसाठी तोच पहिला निवडावा. पुढचे टायर आधी घसरत असतील तर मागचा बार वाढवावा, दोन्ही एकदम नव्हे.

मग स्प्रिंग. मूळ इलेक्ट्रॉनिक शॉकॲब्सॉर्बर ठेवून उंची बदलता येणाऱ्या स्प्रिंगांचे संच मिळतात आणि त्यांत २० मिमी.वर थांबण्याची मुभा राहते. ठरावीक उंचीच्या लोअरिंग स्प्रिंगमध्ये ती नसते. शॉकॲब्सॉर्बरच संपले असतील तर बिल्स्टाइनचा बी१६ डॅम्पट्रॉनिक किंवा केडब्ल्यूचा डीडीसी यांसारखे, गाडीच्या मूळ नियंत्रकाशी बोलणारे संच घ्यावेत. साधे कॉइलओव्हर (स्प्रिंग व शॉकॲब्सॉर्बर यांचा एकत्र, बिनविजेचा संच) लावून तारांच्या टोकाला रोधक बसवण्याची युक्ती इशारा-दिवा विझवते, बाकी काही करत नाही. शिवाय २ ॲम्पिअर प्रवाह २ ओहमच्या रोधकातून गेला की ८ वॉट उष्णता निघते. हा रोधक २५ वॉट क्षमतेचा आणि धातूच्या पत्र्यावर स्क्रूने कसलेला हवा. टेपने तारेला बांधलेला रोधक नागपूरच्या उन्हाळ्यात प्लॅस्टिक वितळवतो.

नियंत्रक बदलणे ही शेवटची पायरी. डीएससी स्पोर्टसारखा नियंत्रक आडवा व लांबीचा जोर, वेग, ब्रेकचा दाब यांच्या तक्त्यांवरून प्रत्येक चाकाचा प्रवाह ठरवतो. एका वेळी एकाच ॲक्सलचा प्रवाह ५ ते १० टक्क्यांनी बदलावा. वळणात शिरताना नाक जड वाटल्यास पुढचे शॉकॲब्सॉर्बर मऊ करावेत. वळणातून निघताना मागची चाके रेंगाळत घसरत असतील तर मागचे मऊ करावेत. सगळे कडक करत जाणे ही हमखास होणारी चूक आहे.

बसवणी : इग्निशन बंद करून पंधराएक मिनिटे थांबावे, मगच कनेक्टर काढावेत. चालू विजेवर काढल्यास दोषसंकेत साठतात. गाडी दोन्ही बाजूंनी घोड्यांवर (जॅक स्टँडवर) घ्यावी, नुसत्या जॅकवर नाही. उंची-सेन्सरची लिंक आधी सोडवावी. आर्म खाली लोंबला की तिचा प्लॅस्टिकचा गोळा तुटतो आणि पाच मिनिटांच्या घाईपायी पूर्ण सेन्सर मागवावा लागतो.

दांड्यावरचा नट इम्पॅक्ट गनने कधीही सोडू नये. चुंबकीय शॉकॲब्सॉर्बरची तार बहुधा पोकळ दांड्यातून वर येते. गनने दांडा आत फिरला की तार पिळवटते. कनेक्टर बाहेरून जसाच्या तसा दिसतो आणि दोष दोन आठवड्यांनी उगवतो. दांडा ॲलन पान्याने धरून नट हातपान्याने फिरवावा. एकदाच वापरायचे नट नवे घ्यावेत, टॉर्कचे आकडे त्या मॉडेलच्या सर्व्हिस मॅन्युअलमधून घ्यावेत.

रबरी बुशचे बोल्ट चाके लोंबत असताना पक्के करू नयेत. तसे केल्यास गाडी खाली उतरताच रबर पिळलेल्या अवस्थेत राहते आणि काही महिन्यांत फाटते. बोल्ट हलके लावून, गाडी चाकांवर उभी करून किंवा आर्म जॅकने चालत्या उंचीला उचलून, मगच टॉर्क द्यावा. नवी स्प्रिंग लावून गाडी ‘बसत नाही’, अपेक्षेपेक्षा ८-१० मिमी. उंच राहते, याचे कारण बहुतेक वेळा हेच असते.

कॅलिब्रेशन व अलाइनमेंट : उंची बदलल्यावर सेन्सरला गाडी ओझ्याने दबलेली वाटते. लिंकची लांबी बदलून सेन्सरचा हात मूळ कोनात आणावा आणि स्कॅनरने शून्यस्थान नव्याने नोंदवावे. या वेळी बॅटरीला चार्जर जोडून व्होल्टेज १३ च्या वर ठेवावे. शून्यस्थान नोंदवणे टाळल्यास फक्त मागे सेन्सर असलेल्या गाडीत हेडलाइट खाली झुकतात आणि रात्री महामार्गावर पुढचे दिसणे घटते. लिंकसाठी छोट्या पट्ट्या लागल्यास हिंगणा एमआयडीसीतील कारखान्यात ३ मिमी. ॲल्युमिनियममध्ये करून घेता येतात. बॉडीवरचे त्वरणमापक काढले असतील तर बाणाची दिशा पाहून लावावेत. उलटा बसलेला मापक उंचवट्याला खड्डा समजतो.

अलाइनमेंट करताना चालकाच्या वजनाइतके ओझे सीटवर ठेवावे. रस्त्यावरच्या वापरासाठी पुढे कॅम्बर (चाकाच्या वरच्या बाजूचा आत-बाहेर कल) उणे १ ते १.५ अंश, मागे उणे १.५ ते २ आणि मागच्या प्रत्येक चाकाला ०.१ ते ०.२ अंश टो-इन (चाकाचे पुढचे टोक किंचित आत) ही सुरुवात बरी. पुढचा टो शून्याजवळ ठेवावा. जास्त कॅम्बरने टायर आतून खातो आणि सिमेंट रस्त्यावर हे लवकर घडते. तीनशे-चारशे किमी. चालवल्यावर स्प्रिंग बसतात, तेव्हा उंची व अलाइनमेंट परत मोजावी.

चाचणी शहरात किंवा महामार्गावर वेग चढवून करू नये. नागपूरला कायमस्वरूपी रेस ट्रॅक नाही. ग्रेटर नोएडा, कोईमतूर आणि चेन्नई येथील ट्रॅक दूर पडतात. घाटवळणांचा अंदाज चिखलदऱ्याच्या रस्त्यावर, कायदेशीर वेगातही येतो.

दोषनिदान : चारही कॉइलचा रोध मोजून एकमेकांशी ताडावा. आकडे एक-दोन ओहमचे असल्याने मीटरच्या तारांचा ०.२ ते ०.३ ओहम रोध वजा करणे आवश्यक आहे. एक कॉइल इतरांपेक्षा १५ टक्क्यांहून वेगळी असेल तर आधी कनेक्टर पुसून पुन्हा मोजावे. दांड्यावर काळसर, बोटाला खरखरीत लागणारे तेल दिसले तर चुंबकीय शॉकॲब्सॉर्बरचे सील गेले आहे. लोहकण सीलला घासत राहतात, त्यामुळे ही गळती थांबत नाही. अशा वेळी त्याच ॲक्सलचे दोन्ही नग बदलावेत.

कायदा व विमा : मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणीतील तपशील निर्मात्याच्या मूळ विनिर्देशांहून वेगळे होतील असा बदल करता येत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मधील निकालात हे स्पष्ट केले आहे. सस्पेन्शनचा संच मागवण्याआधी ज्या आरटीओत गाडीची नोंद आहे तेथे आणि विमा कंपनीकडे लेखी विचारावे. कळवलेला नसलेला बदल अपघाताच्या दाव्यात अडचण ठरू शकतो. मूळ स्प्रिंग व शॉकॲब्सॉर्बर जपून ठेवावेत. चुंबकीय शॉकॲब्सॉर्बर उभे आणि दांडा बाहेर ठेवून साठवावेत, आणि कनेक्टरला डायइलेक्ट्रिक ग्रीस लावून टोप्या घालाव्यात, कारण उंदीर आणि पावसाळी ओल या दोन्ही गोष्टी गॅरेजात हमखास असतात.