स्प्रिंगच्या दोलनांतला एक-तृतीयांश

'जितका ताण (म्हणजे लांबीतली वाढ), तितके बल' हा स्प्रिंगविषयीचा हूकचा नियम १६७६ मध्ये कोड्यासारखा, अक्षरे उलटसुलट करून छापला गेला आणि १६७८ मध्ये उलगडला. तो फक्त बलाविषयी बोलतो. १६८७ मध्ये न्यूटनचे गतीचे नियम प्रसिद्ध झाल्यावर त्याला त्वरणाची जोड देता आली आणि दोलनकालाच्या, म्हणजे एका दोलनाला लागणाऱ्या वेळाच्या, सूत्राची वाट मोकळी झाली.

प्रयोगशाळेतला खरा गुंता स्प्रिंगच्या स्वतःच्या वस्तुमानाचा आहे. पाठ्यसूत्र स्प्रिंगला वजनरहित धरते, पण दोलनकालाचा वर्ग आणि टांगलेले वस्तुमान यांचा आलेख काढला की रेषा आरंभबिंदूतून जात नाही. कारण स्प्रिंगही हलते, पण सगळी सारख्या वेगाने नाही: वरचे टोक स्थिर, खालचे वजनाइतक्याच वेगाने. वेग टोकापर्यंत समप्रमाणात वाढतो असे धरून गतिज ऊर्जेची बेरीज केली, तर स्प्रिंगचे एक-तृतीयांश वस्तुमान वजनात मिळवावे लागते. यालाच 'प्रभावी वस्तुमान' म्हणतात. हे नाव थोडे फसवे आहे, कारण एक-तृतीयांश हा स्प्रिंगचा कायमचा गुणधर्म नव्हे. वजन स्प्रिंगहून बरेच जड असेल तेव्हाच तो अचूक ठरतो; काहीच न टांगता स्प्रिंग हलवली, तर हा अंश सुमारे ०.४०५ होतो.

फरक किरकोळ नाही. ३० ग्रॅमच्या स्प्रिंगला ५० ग्रॅम टांगले आणि ही दुरुस्ती गाळली, तर बल स्थिरांक (स्प्रिंगचा ताठपणा सांगणारा आकडा) सुमारे १७ टक्क्यांनी कमी येतो. तरीही प्रयोगवहीत रेषा ओढूनताणून आरंभबिंदूतून नेली जाते. हे चूकच आहे. खरी रेषा वस्तुमानाचा अक्ष ऋण बाजूला जिथे छेदते, तिथेच स्प्रिंग आपले प्रभावी वस्तुमान सांगत असते.

मोजण्याची साधने मात्र झपाट्याने बदलली. स्टॉपवॉचच्या काळात वीस दोलने एकत्र मोजत. मोजणी मध्यस्थितीपासून सुरू करत, कारण तिथे वेग सर्वाधिक असतो आणि वजन नेमके कधी ओलांडले ते टिपणे सोपे जाते. पुढे प्रकाशझोत अडला की वेळ टिपणारे प्रकाशद्वार आले. मग विस्थापन क्षणोक्षणी टिपणारा श्राव्यातीत ध्वनीचा संवेदक आला, त्यामुळे दोलनांचे मंदावणेही पडद्यावर दिसू लागले. आता मोबाइलच स्प्रिंगला टांगून त्याचा त्वरणमापक वाचतात. तेव्हा मोबाइलच्या वस्तुमानातही स्प्रिंगचा तो अंश मिळवावाच लागतो.